कळपाचा संघ कसा झाला

ख्रिस्तसभेच्या कारभारात धर्मग्राम हा घटक आपल्याकडील गावकीइतकाच जुना, हट्टी आणि चिवट आहे. राजवटी उलथतात, बिशपांच्या नेमणुका होतात आणि सरतात, रोमहून नवी फर्माने सुटतात. परंतु देवळाच्या घंटेच्या टप्प्यात येणारी घरे, त्या घरांतील जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद राखणारे दफ्तर, आणि त्या दफ्तराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो प्रमुख धर्मगुरू, ही व्यवस्था सहसा जागची हलत नाही. मुंबईच्या कॅथोलिकांनी तर या व्यवस्थेचे एक विलक्षण रूप सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अनुभवले. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेली धर्मविषयक सनद, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमच्या धर्मप्रसार खात्याची, म्हणजे प्रोपागांदाची, थेट हुकमत, या दोन सत्तांच्या तंट्यात बेटावरील देवळे वाटली गेली, आणि एकाच गल्लीत समोरासमोर राहणारी दोन कुटुंबे दोन निरनिराळ्या बिशपांची प्रजा ठरू लागली. १५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहाने हा दुहेरी अंमल संपुष्टात आला. त्या तंट्याच्या फिर्यादी, अर्जविनंत्या आणि मखलाश्या वाचू जाता एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती ही की त्यांत मिळकतींचा विचार आहे, मानपानाचा आहे, फेस्ताच्या मिरवणुकीत कोणी पुढे चालावे याचाही आहे. वीस वर्षांच्या तरुणाचे स्वतंत्र असे म्हणणे काही असू शकेल, हा विचार मात्र कोणत्याच पक्षाला शिवलेला दिसत नाही.

तरुणांना त्या काळी धर्मग्रामात जागा नव्हती असे नव्हे. मिस्सेच्या वेळी वेदीपाशी सेवा करावी, गायनवृंदात सूर लावावा, सणाला कमानी उभाराव्यात, आणि मरियेच्या नावाने चालणाऱ्या सोडॅलिटीत नाव नोंदवून महिन्याकाठी पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद चुकवू नये, एवढे त्यांचे कर्तव्य ठरलेले होते. ही सोडॅलिटी १५६३ मध्ये रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयात जाँ लूनी या तरुण अध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली. तेथून ती जगभर पसरली आणि येशूसंघीयांच्या शाळा-महाविद्यालयांबरोबर हिंदुस्थानातही आली. तिने अनेक पिढ्यांना शिस्त लावली हे खरे. परंतु शिस्त लावणारा एक आणि ती लावून घेणारे अनेक, असा तिचा साचा होता, आणि कळप हा शब्द ख्रिस्ती वाङ्मयात कितीही वात्सल्याने योजला जात असला, तरी कळपाला कोणी सल्ला विचारत नाही.

हा साचा मोडण्याचे कार्य प्रथम बेल्जममधल्या एका धर्मगुरूच्या हातून झाले, आणि त्याच्या चरित्रावर थोडे रेंगाळणे अवश्य आहे. कारण आपल्याकडे पुढे जे घडले त्याची बीजे तेथे आहेत. जोसेफ कार्डिन याचा जन्म १८८२ चा, घर श्रमजीवी वर्गातले. धर्मगुरू होण्यासाठी तो सेमिनरीत गेला आणि सुटीत गावी परतला, तेव्हा ज्यांच्याबरोबर तो शाळेत शिकला ते सवंगडी कारखान्यांत मजुरी करू लागले होते आणि त्याच्याकडे परक्याकडे, किंबहुना शत्रूपक्षाच्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. धर्म हा मालकांचा झाला, आणि आपला मित्र त्या मालकांत जाऊन मिळाला, अशी त्यांची समजूत. १९०३ मध्ये वडील मृत्युशय्येवर असताना कार्डिनने श्रमिकांच्या उद्धारासाठी आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा केली, आणि १९१२ मध्ये ब्रुसेल्सलगतच्या लाकेन येथील धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून नेमणूक होताच तिची अंमलबजावणी आरंभली. आरंभ कोठे केला? व्यासपीठावर नव्हे. शिवणकाम करणाऱ्या मुलींना आणि कारखान्यात जाणाऱ्या पोरांना त्याने चार-चार, सहा-सहाच्या मंडळांत बसवले, आणि प्रवचन न देता प्रश्न विचारले: कामाचे तास किती, मजुरी काय, मुकादम कसा वागतो, तुमच्या बाजूला बसणारी मुलगी आज का आली नाही? आधी पाहा, मग शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखा, आणि मग कृती करा, अशी त्याची त्रिपदी होती. वरवर पाहता तीत नवे काही नाही. पण पारखण्याचा अधिकार त्याने धर्मगुरूकडून काढून सोळा वर्षांच्या कामगाराच्या हाती दिला, यातच सगळी क्रांती होती. साहजिकच वरिष्ठांना ती मानवली नाही. श्रमिक तरुणांची वेगळी संघटना काढल्याने कॅथोलिक युवकांत वर्गभेद माजेल, अशी हरकत खुद्द कार्डिनल मेर्सिए यांनी घेतली. कार्डिनने मार्च १९२५ मध्ये सरळ रोम गाठले, पोप अकरावे पायस यांची भेट मिळवली आणि त्यांचा आशीर्वाद घेऊनच तो परतला. ‘जॉक’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाणारी श्रमिक युवक संघटना त्या वर्षी रीतसर स्थापन झाली. तिच्या संस्थापक तरुणांपैकी फेर्नां तोने आणि पॉल गार्से हे दोघे १९४५ च्या आरंभी दाखाऊच्या छळछावणीत मरण पावले, यावरून त्या मंडळांत घडलेली माणसे कोणत्या धातूची होती हे कळते. १९५७ मध्ये याच संघटनेचे तीस हजारांहून अधिक तरुण जगभरातून रोमला जमले, आणि १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात पोप तेविसावे जॉन यांनी ती त्रिपदी अधिकृत शिकवणीत समाविष्ट करून टाकली. प्रथम तळाशी प्रयोग, मग मधल्या वरिष्ठांची नाराजी, आणि पुष्कळ उशिरा शिखरावरून मान्यता, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. हिंदुस्थानातही तो पुन्हा पुन्हा आढळेल.

अकराव्या पायस यांनी कार्डिनला उचलून धरले त्याला केवळ औदार्य कारण नव्हते. राज्यसत्तेला तरुण हवे होते, आणि ते ख्रिस्तसभेच्या अंगणातूनच तिला उचलायचे होते. मे १९३१ मध्ये मुसोलिनीने इटलीतील कॅथोलिक युवक मंडळे बरखास्त करून त्यांच्या कचेऱ्यांना कुलपे ठोकली, तेव्हा पोपने लॅटिनमध्ये न लिहिता इटालियन भाषेत एक जळजळीत पत्रक काढून तीव्र निषेध नोंदवला. पाच वर्षांनी जर्मनीत कायदाच झाला की देशातील सर्व तरुणवर्ग हिटलर यूथमध्ये संघटित व्हावा. प्रापंचिकांनी धर्माधिकाऱ्यांच्या कार्यात सहभागी व्हावे या अर्थाची ‘कॅथोलिक कृती’ ही जी घोषणा त्या काळात गाजली, तिच्यामागे ही झोंबाझोंबी होती. आणि तरुणांना आपल्या बाजूस ठेवायचे तर त्यांना नुसती आज्ञा देऊन भागणार नाही, त्यांच्यावर काही सोपवावे लागेल, हे शहाणपण काही अंशी प्रतिपक्षानेच ख्रिस्तसभेला शिकवले.

हिंदुस्थानात या नव्या वाऱ्याचा पहिला स्पर्श मद्रास इलाख्यात झाला. १९२४ मध्ये फ्रेंच येशूसंघीय फादर पिएर कार्टी यांनी कॅथोलिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा संघ काढला. तोच पुढे ‘ऑल इंडिया कॅथोलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन’, अर्थात आयकफ, या नावाने देशभर पसरला. परंतु या संघाचे अंगण महाविद्यालयाचे होते, धर्मग्रामाचे नव्हे, आणि महाविद्यालयात त्या काळी जात होते कोण? शहरातील सुस्थित घराण्यांचे पुत्र, क्वचित कन्या. गिरणीत बदलीवर काम करणारा, बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, वसईच्या केळीच्या बागेत पाटाचे पाणी वळवणारा, छोटा नागपूरच्या रानातून चहाच्या मळ्यांत गेलेला, असा जो बहुसंख्य कॅथोलिक तरुण होता, त्याच्या वाट्याला सोडॅलिटीच राहिली, किंवा तीही नाही.

राष्ट्रीय चळवळीच्या ऐन धुमाळीत हे वैगुण्य अधिकच उघडे पडले. ज्या मुंबईकर कॅथोलिकाने लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावला, १९१६ मध्ये बेळगावी स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्षपद भूषवले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौरपद मिळवले, ते माझगावच्या माथारपाखाडीतले जोसेफ तथा काका बॅप्टिस्टा कोणत्याही धर्मग्रामीय संघटनेत घडलेले नव्हते. त्यांच्या नंतरच्या पिढीतील जोकिम आळ्वा हे मंगळुरी कॅथोलिक. मुंबईत विद्यार्थी चळवळीत शिरले, कायदेभंगात तुरुंगवास भोगला, आणि पत्नी व्हायोलेट यांच्यासह ‘फोरम’ हे नियतकालिक चालवले. ही माणसे श्रद्धेने कॅथोलिक होती. पण त्यांच्यातील राष्ट्रभक्ताला ख्रिस्तसभेच्या तत्कालीन व्यवस्थेत बसायला जागा नव्हती. युरोपीय बिशपांच्या अमलाखाली दुसरे काय होणार, असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. मला ते पुरते पटत नाही. बिशप स्वदेशी झाल्यावरही धर्मग्रामातील तरुणाला बोलते करण्यास आणखी तीन तपे लागली, हे पुढील हकीकतीवरून दिसेलच.

सप्टेंबर १९४४ मध्ये मद्रासला भारतातील कॅथोलिक बिशपांची परिषद स्थापन झाली. १९५० मध्ये, मुंबईच्या गादीवर आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश आर्चबिशप बसवण्याचा १९२८ च्या तहातील रिवाज मोडीत निघून, व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले हिंदी आर्चबिशप झाले, आणि जानेवारी १९५३ मध्ये पहिले हिंदी कार्डिनलही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मुंबईच्या ओव्हल मैदानावर अडतिसावी जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषद भरली, आणि तीसाठी पोप सहावे पॉल स्वतः सांताक्रूझ विमानतळावर उतरले. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. लक्षावधींच्या त्या मेळाव्यात रांगा लावणाऱ्या, पाणी देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांना देशातले कॅथोलिक एकत्र आले म्हणजे कसे दिसतात याचे प्रथमदर्शन घडले; तमिळ, मल्याळी, गोवेकर, सांताळ, उरांव, ईस्ट इंडियन हे सारे एकाच वेदीचे लोक आहेत ही गोष्ट तोवर त्यांनी धर्मशिक्षणाच्या पुस्तकात वाचली होती. पुढल्याच वर्षी व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र फर्मान काढले, आणि मे १९६९ मध्ये बेंगळुरूला भरलेल्या अखिल भारतीय परिसंवादात त्या फर्मानाचा भारतीय अर्थ लावण्याचा यत्न झाला.

या सगळ्या थोरामोठ्यांच्या हालचालींपेक्षा मला १९७० च्या पूनामल्लीचे महत्त्व अधिक वाटते. आयकफची सूत्रे १९५० नंतर फादर पिएर सेराक या फ्रेंच येशूसंघीयाकडे आली होती. १९३७ मध्ये भारतात आलेला, तमिळ आत्मसात केलेला हा मनुष्य वृत्तीने अस्वस्थ. विद्यार्थ्यांना अधिवेशनांत ठराव मांडायला लावण्यापेक्षा खेड्यात नेऊन त्यांच्या हाती फावडी द्यावीत, असा त्याचा खाक्या. पुढे मानामदुरैच्या कोरडवाहू मुलखात त्याने हजार विहिरी खणण्याचा उपक्रम हाती घेतला. श्रमदान शिबिरांत फावडे मारणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम पुण्य केल्याचे समाधान लाभते. दुसऱ्या-तिसऱ्या शिबिरात मात्र त्याला प्रश्न पडू लागतो की विहीर खणली ती जमीन कोणाची, आणि पाणी लागल्यावर ते कोणाच्या शेतात जाणार? नक्षलबारीचा उठाव नुकताच झालेला, विद्यापीठांतून असंतोष खदखदत असलेला, लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी मेदेयीनला दरिद्रनारायणाचा पक्ष उघडपणे घेतलेला, अशा त्या काळात हे प्रश्न मनातल्या मनात राहणे शक्य नव्हते. १९७० मध्ये मद्रासजवळील पूनामल्ली येथे आयकफचे राष्ट्रीय अधिवेशन भरले, आणि तेथे प्रसृत झालेल्या जाहीरनाम्यात या सुशिक्षित तरुणांनी आपण एका अन्यायमूलक समाजरचनेचे लाभधारक आहोत हे कबूल करून, ती रचना पालटण्याच्या कार्याला स्वतःला बांधून घेतले. कॅथोलिक विद्यार्थ्याला सचोटीचा डॉक्टर वा वकील बनवणारी संस्था एका अधिवेशनात समाजपरिवर्तनाची भाषा बोलू लागली. पालक आणि धर्मगुरू बिचकले नसते तरच नवल. मुलाला मिस्सेला पाठवले आणि तो मोर्चाला गेला, ही तक्रार जुन्या पिढीच्या दृष्टीने गैरवाजवी म्हणता येणार नाही. कार्डिनची त्रिपदी तरुणाने खरोखरच गंभीरपणे घेतली म्हणजे तिचा शेवट कोठे होईल हे मूळ शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही, हे पूनामल्लीने दाखवून दिले.

त्याच सुमारास अगदी उलट दिशेनेही एक प्रवाह आला. अमेरिकेत १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात उगम पावलेले कॅरिझ्मॅटिक नवचैतन्य १९७२ मध्ये मुंबईत पोहोचले, आणि ते येथे आणण्यात अमेरिकेत शिकून आलेल्या एका पारशी तरुण अभियंत्याचा पुढाकार होता, हा योगायोग मुंबईच्या स्वभावाला साजेसाच म्हणावा. टाळ्या, गाणी, मोठ्याने प्रार्थना आणि रडणे-हसणे यांना मोकळीक देणारी ही उपासना संथ लॅटिन मिस्सेत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना विचित्र वाटली. तरुणांना मात्र तीत आपला आवाज सापडला. केरळात तिने विशेष मूळ धरले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षाअखेर केरळात ‘जीझस यूथ ८५’ या नावाचे संमेलन भरले आणि संमेलनाचे नाव पुढे चळवळीलाच चिकटले. मल्याळी परिचारिका, अभियंते आणि संगणकतज्ज्ञ जेथे जेथे गेले तेथे तेथे, आखातात, युरोप-अमेरिकेत, उत्तर भारतात, ती त्यांच्या सामानाबरोबर गेली. २० मे २०१६ रोजी रोमने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. मघाचा क्रम येथेही चुकलेला नाही: तळाशी प्रयोग, आणि शिखराची मोहोर एकतीस वर्षांनी.

आता धर्मग्रामीय चळवळीकडे. एकीकडे समाजाचे विश्लेषण करणारे महाविद्यालयीन, दुसरीकडे हात उंचावून स्तुती गाणारे, आणि या दोहोंच्या मध्ये तो प्रचंड बहुसंख्य तरुणवर्ग, ज्याला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते आणि ज्याचे ख्रिस्तसभेशी असलेले नाते रविवारच्या मिस्सेपुरते व नाताळच्या गोठ्यापुरते उरले होते. याला कोणत्या छत्राखाली आणावे, हा बिशपांपुढचा प्रश्न होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी डिसेंबर १९८५ मध्ये जागतिक युवक दिनाची प्रथा घालून दिली, आणि लगेच फेब्रुवारी १९८६ मध्ये ते भारताच्या दहा दिवसांच्या दौऱ्यावर आले. मुंबईला शिवाजी पार्कवर त्यांचे दर्शन घेणाऱ्यांत तरुणांची अलोट गर्दी होती. या वातावरणात बिशप परिषदेच्या युवक आयोगाच्या आधाराने जी संघटना बाळसे धरू लागली ती ‘इंडियन कॅथोलिक यूथ मूव्हमेंट’. तिची रचना मोठी सुबक: तळाशी धर्मग्रामाचे युवक मंडळ, त्यावर काही धर्मग्रामांचा मिळून विभाग, त्यावर धर्मप्रांत, त्यावर प्रदेश, आणि शेवटी राष्ट्र, प्रत्येक पायरीवर निवडून आलेले अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार, आणि त्यांच्या जोडीला बिशपने नेमलेला धर्मगुरू संचालक. निवडणूक आणि नेमणूक या दोन तत्त्वांचा हा जोडसंसार कोठे सुखाचा होतो, कोठे कुरबुरीचा. संचालक समंजस असेल तर मंडळ फुलते, तो हाकणारा निघाला तर अध्यक्ष केवळ सतरंज्या घालण्यापुरता उरतो. शिवाय १९८७ मध्ये रोमने लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार या तिन्ही परंपरांना आपापली स्वतंत्र बिशप परिषद असावी असा निर्णय दिला, तेव्हापासून युवकांच्याही तीन चुली झाल्या. असे असूनही जानेवारी २०१७ मध्ये मंगळुरूला भरलेल्या दहाव्या राष्ट्रीय युवक अधिवेशनात देशाच्या कानाकोपऱ्यांतून मंडळांचे प्रतिनिधी आले, आणि यजमान कुटुंबांच्या घरी राहून एकमेकांच्या भाषेतील गाणी शिकून गेले.

धर्मग्रामाच्या मातीत तरुणांची चळवळ कशी रुजते हे पाहायचे असेल तर मराठी वाचकाने दूर जाण्याचे कारण नाही. वसई पुरे आहे. १५३४ पासून १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला सर करीपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या या पट्ट्यात पापडी, सांडोर, गिरीज, नंदाखाल, निर्मळ, आगाशी अशी एकाला एक लागून धर्मग्रामे आहेत. त्यांतील माणसे घरात सामवेदी वा वाडवळी बोलतात, देवळात मराठीतून प्रार्थना करतात, आणि तीनचारशे वर्षे त्याच जमिनीत केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिकवत आली आहेत. येथे युवक मंडळाच्या सभासदाला धर्मग्राम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याचा आजा त्याच दफ्तरात नोंदलेला असतो. १९१८ मध्ये मोन्सेन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कॅथोलिक सहकारी पेढी आणि १९५५ पासून निघणारे ‘सुवार्ता’ हे मासिक यांनी या समाजाला आपल्या पायावर उभे राहण्याची आणि आपल्या भाषेत विचार करण्याची सवय लावली होती. १९८३ मध्ये ‘सुवार्ते’ची सूत्रे नंदाखालचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस, वसईच्या विहिरींचे पाणी टँकरांनी उपसून नव्या वस्त्यांकडे चालले, बागा सुकू लागल्या, इमारतींसाठी हिरव्या पट्ट्यावर आरक्षणे पडू लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. दिब्रिटोंबरोबर त्यात सर्व जातिधर्मांचे लोक होते. मला त्यातली ही गोष्ट महत्त्वाची वाटते की पाहा, पारखा, कृती करा हे सूत्र येथे कोणाला पाठ करावे लागले नाही. विहिरीची पातळी दोराने मोजता येत होती, पाणी कोण नेतो हे रस्त्यावर दिसत होते, आणि कृतीसाठी लागणारी माणसे रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारातच उभी होती. पूनामल्लीला जे जाहीरनाम्यात लिहावे लागले ते वसईत चालत्या पायांनी लिहिले. दहशत, धमक्या आणि राजकीय दडपण यांतून गेलेला हा लढा सर्वस्वी यशस्वी झाला असे कोणी म्हणणार नाही. नालासोपारा-विरारच्या इमारतींकडे पाहिले म्हणजे उलटच वाटते. तथापि १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा निघाला त्या वेळी त्याला जो बोलका, हिशेब मागणारा प्रापंचिकवर्ग मिळाला, तो या चळवळीत तयार झाला होता.

वसईच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणून लखनौ पाहावे. मराठी माणसाला लखनौ म्हटले की पंडित भातखंडे यांच्या परिश्रमाने १९२६ मध्ये निघालेले संगीत विद्यालय आठवते. तेथील कॅथोलिकांचा विचार सहसा मनात येत नाही. कॉन्व्हेंट शाळांचा मात्र तेथे मोठा बोलबाला: लोरेटोच्या धर्मभगिनी १८७२ पासून मुली शिकवीत आहेत, आणि नवाबी घराण्यांपासून सनदी अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांच्या कन्या तेथून शिकून गेल्या. शाळा मोठ्या आणि समाज इवलासा, असा हा प्रकार. १९४० मध्ये अलाहाबादच्या धर्मप्रांतातून लखनौचा धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला. त्याची हद्द विस्तीर्ण, पण तीत कॅथोलिकांचे प्रमाण मिठाएवढेही नाही. १९८४ ते १९९० या काळात, म्हणजे राष्ट्रीय युवक चळवळ बाळसे धरत होती नेमकी त्या वर्षांत, अॅलन दे लास्तिक हे तेथे बिशप होते. पुढे ते दिल्लीचे आर्चबिशप झाले आणि ख्रिस्ती समाजावरील हल्ल्यांविरुद्ध निर्भीडपणे बोलणारे म्हणून देशभर ओळखले गेले.

गोमतीच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्याच्या अंगाने वसलेली जानकीपुरम ही वसाहत लखनौच्या अलीकडच्या वाढीचा नमुना आहे. विकास प्राधिकरणाने सेक्टरवार आखलेले भूखंड, लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर, १९८४ मध्ये निघालेले अभियांत्रिकीचे शासकीय महाविद्यालय, आणि विस्तारित भागात अब्दुल कलाम यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ, यांमुळे तेथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्दळ फार. वसईत जे जे आयते मिळाले त्यातले येथे काहीच नाही. झारखंडहून आलेला उरांव विद्यार्थी सादरीत विचार करतो, रुग्णालयात काम करणारी मल्याळी परिचारिका सिरो-मलबार परंपरेत वाढलेली असते, बदलीवर आलेल्या गोवेकर अधिकाऱ्याच्या मुलांना कोकणी गीते येतात, आणि मिस्सा हिंदीत. यांपैकी कोणाचाही आजा येथील दफ्तरात नोंदलेला नाही. वसईत कॅथोलिक तरुण गावाच्या विहिरीसाठी मोर्चा काढू शकला, कारण गाव त्याचे होते; लखनौत तो पाहुणा आहे, आणि उत्तर प्रदेशात २०२० च्या अखेरीस धर्मांतरविरोधी वटहुकूम निघाल्यापासून दहा ख्रिस्ती तरुण खोलीत प्रार्थनेला बसले तरी शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार आधी करावा लागतो. अशा ठिकाणी पाहणे सोपे, पारखणेही जमते. कृतीच्या पायरीवर पाऊल अडखळते. म्हणूनच उत्तरेकडील शहरांत युवक मंडळांचे कार्य रक्तदान, वस्तीतील मुलांच्या शिकवण्या, नाताळची गाणी, ख्रिस्तसभेच्या आग्रा प्रदेशाची शिबिरे यांतच फिरत राहिले, तर त्याला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय संघटनेची घटना मात्र वसईचा आणि लखनौचा धर्मग्राम एकाच मापाने मोजते. मुळात वस्ती स्थिर आहे हे तिने गृहीत धरले आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमला तरुणांच्याच विषयावर बिशपांची महासभा बोलावली. तीसहून अधिक तरुण-तरुणी श्रोते म्हणून सभागृहात बसले, बोलले, त्यांच्या भाषणांना दादही मिळाली. मताचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. पाच वर्षांनी, २०२३ च्या महासभेत, बिशप नसलेल्या सत्तर जणांना मत देण्याची मुभा मिळाली, आणि त्यांत काही तरुणही होते. कार्डिनने लाकेनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला पारखण्याचा जो अधिकार दिला होता तो रोमच्या दफ्तरात दाखल व्हायला एकशे अकरा वर्षे लागली. जानकीपुरमच्या तरुणापुढे मताचा प्रश्न तूर्त इतका निकडीचा नाही. त्याच्या मंडळाला अध्यक्ष हवा असतो, आणि जो सर्वांत होतकरू असतो तो शेवटच्या सत्राची परीक्षा देऊन नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला निघून जातो. पावसाळ्यात नवे विद्यार्थी खोल्या शोधत येतात, तेव्हा त्यांच्यात कॅथोलिक कोण आहेत याची चौकशी करण्यापासून चिटणिसाला पुन्हा आरंभ करावा लागतो.